कोविडमध्ये मार्केट कोसळलं तेव्हा पुट घेणाऱ्यांनी खरंच पैसे छापले का? परत तसं झालं तर पुट घ्यावेत का?

(पुट म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने विकायचा हक्क, मार्केट पडलं की सहसा त्याचा भाव वाढतो.) छापले, हो. पण ज्यांनी छापले त्यातल्या बहुतेकांनी पुट फेब्रुवारीत घेतले होते, मार्चमध्ये टीव्ही बघून नाही. सगळा फरक तिथेच आहे आणि यूट्यूबवर कोणी तो सांगत नाही.

मी तेव्हा एका ब्रोकरकडे आरएमएसला (रिस्क मॅनेजमेंट) होते, म्हणजे क्लायंटचं मार्जिन (सौद्यासाठी ठेवलेली अनामत) कमी पडलं की फोन करायचा आणि पैसे आले नाहीत तर पोझिशन (चालू सौदा) कापायची, हे काम. त्यामुळे कोण कमावतंय त्यापेक्षा कोण बुडतंय हे जास्त दिसायचं, तेवढं धरून वाचा.

आधी आकडे. 20 जानेवारी 2020 ला निफ्टीने 12,430 चा हाय केला होता आणि 24 मार्चला 7,511 चा लो, म्हणजे दोन महिन्यांत साधारण 40 टक्के. हे बघून वाटतं की कधीही पुट घेतला असता तरी पैसेच पैसे. पण पुटचा भाव फक्त निफ्टी किती पडेल यावर ठरत नाही, लोक किती घाबरलेत यावर पण ठरतो. इंडिया विक्स, म्हणजे बाजारातली भीती दाखवणारा आकडा, जानेवारीत 14 च्या आसपास होता, 24 मार्चच्या सुमारास 80 च्या वर. ढोबळ हिशोब करून बघा: विक्स 14 असताना महिन्याभराचा अ‍ॅट द मनी (निफ्टी आत्ता जिथे आहे त्याच भावाचा) पुट निफ्टीच्या दीड-पावणेदोन टक्क्यांना बसतो, म्हणजे 12,200 ला 200 च्या आत-बाहेर. विक्स 75-80 असताना तोच पुट साडेआठ-नऊ टक्के. म्हणजे निफ्टी 7,600 ला असताना पुट घेतला तर एक्स्पायरीला (पुटची मुदत संपते त्या दिवशी) नुसती बरोबरी व्हायला निफ्टी 7,000 च्या खाली जायला हवा होता. तो गेलाच नाही, उलट 9 एप्रिलला 9,100 च्या वर बंद झाला. मार्चमध्ये मास्क ज्या भावाने विकले जात होते ना, पुटचं तेच झालं होतं, वस्तू तीच पण भाव घाबरलेल्या माणसाचा.

आणि दिशा बरोबर असून पैसे गेलेले लोक मी भरपूर पाहिले. 13 मार्चचा शुक्रवार आठवतोय का बघा. मार्केट उघडलं आणि पाचेक मिनिटांत 10 टक्के खाली, लोअर सर्किट, ट्रेडिंग बंद. नियम असा आहे की 10 टक्क्यांचं सर्किट दुपारी एकच्या आधी लागलं तर 45 मिनिटं सगळं थांबतं, शेअर पण आणि एफ अँड ओ (फ्युचर-ऑप्शन) पण, मग 15 मिनिटं प्री-ओपन (सौदे सुरू व्हायच्या आधीची तयारी). त्या तासाभरात तुम्ही काहीच करू शकत नाही, ना प्रॉफिट बुक करू शकता ना लॉस. उघडल्यावर काय झालं तर निफ्टी 8,555 च्या लो वरून फिरला तो थेट 9,955 ला बंद, आदल्या दिवसापेक्षा वर! सकाळी 9.15 ला घाईने पुट घेतलेले लोक दुपारपर्यंत भाव विचारायला फोन करत होते आणि डीलरकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. वर बायर-सेलरच्या भावात एवढं अंतर असायचं की मार्केट ऑर्डर टाकली की घेतल्या घेतल्या लॉस.

पण खरा कचरा झाला तो विकणाऱ्यांचा. आमच्याकडे बऱ्याच रिटायर्ड काका लोकांचा एकच धंदा, आत्ताच्या भावापासून लांबचे पुट आणि कॉल (ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क) विकायचे आणि महिन्याला दोन टक्के काढायचे, वर्षानुवर्षं निघत पण होते म्हणा. 20 फेब्रुवारीला निफ्टी 12,080 ला बंद झाला, तेव्हा 11,000 चा मार्चचा पुट म्हणजे अगदीच सेफ वाटायचा. समजा 20 रुपयाला विकला, तेव्हाचा लॉट (एका सौद्यातली संख्या) 75 चा, म्हणजे हातात दीड हजार. 12 मार्चला निफ्टी 9,590. नुसता इन द मनीचा फरक (11,000 वजा 9,590) धरला तरी लॉटमागे एक लाखाच्या वर गेले. 23 मार्चला, निफ्टी 13 टक्के पडून 7,610 ला बंद झाला त्या दिवशी, अडीच लाखाच्या वर. आणि हे काका कोणी एक लॉट करायचे नाहीत.

त्यात बहुतेकांचं मार्जिन म्हणजे प्लेज केलेले (तारण ठेवलेले) शेअर. आता इथे दोन्हीकडून कात्री लागते. शेअर पडले म्हणून कोलॅटरलची, म्हणजे त्या तारणाची, किंमत कमी, वोलॅटिलिटी वाढली म्हणून एक्सचेंज हेअरकट (तारणाच्या किमतीतून कापला जाणारा भाग) पण वाढवतं, आणि त्याच कारणाने विकलेल्या पुटला लागणारं मार्जिन पण वाढतं. म्हणजे पोझिशन तीच, काही नवीन केलं नाही, तरी रोज पैसे कमी. मग आम्ही फोन करायचो, सर संध्याकाळपर्यंत एवढे भरा, आणि समोरून उत्तर की अहो माझ्याकडे पंचवीस वर्षांचे शेअर पडलेत तुमच्याकडे, मी कुठे पळून जातोय. बरोबरच होतं त्यांचं, पण सिस्टिमला ते कळत नाही, शेअर विकले जायचे, आणि ते पण नेमके तळाला. 23 तारखेला तर मुंबईत लोकल बंद, आमची निम्मी टीम घरून, इंटरनेट रडतंय आणि मार्केट परत लोअर सर्किटला. त्या दिवशी लोकांच्या ज्या शिव्या खाल्ल्या त्या जाऊ दे.

ज्यांच्याकडे नुसती डिलिव्हरी (पूर्ण पैसे देऊन घेतलेले शेअर) होती, उधारी नाही, एफ अँड ओ नाही, त्यांना आम्ही एकदाही फोन केला नाही. त्यांचा पोर्टफोलिओ पण 40 टक्के खाली होता, पण त्यांना विकायला लावणारं कोणी नव्हतं. 9 नोव्हेंबरला निफ्टी 12,461 ला बंद झाला, म्हणजे जानेवारीचा हाय तुटला. (हा इंडेक्स झाला, तुमच्याकडे त्या वर्षी येस बँक असेल तर सॉरी.)

आता दुसरा भाग. परत असं काही झालं तर पुट घ्यावा का? हेजसाठी (आपल्या शेअरचा विमा म्हणून) घ्यायचा असेल तर विक्स खाली असताना, कोणाला गरज वाटत नसताना घ्या, आणि तो बहुतेक वेळा शून्य होणार हे धरूनच घ्या. एकदा विक्स 50-60 च्या वर गेला की नुसता पुट घेऊ नका, स्प्रेड करा, म्हणजे समजा 8,000 चा घेतला तर 7,500 चा विका. घेतलेला महाग असतो तसा विकलेला पण महागच जातो, त्यामुळे फुगलेल्या भावाचा बराच भार निघून जातो. प्रॉफिटला लिमिट येतं पण चालेल. तेव्हा नुसते पुट विकायचा मोह पण होईल, प्रीमियम (पुट विकून मिळणारा भाव) एवढं जाडजूड दिसतं की हात शिवशिवतात. ज्याच्याकडे पूर्ण कॅश बाजूला आहे आणि शेअर प्लेज करून खेळत नाही त्याने विचार करावा, बाकीच्यांनी नाही.

आणि ट्रेडिंग म्हणूनच करायचं असेल तर सेबीने 2021-22 सालचा अभ्यास केला होता त्यात एफ अँड ओ करणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा लॉस होता, सरासरी 1.1 लाख. आणि तेव्हा मार्केट काही कोसळत नव्हतं.

एक राहिलं, स्टॉकचे पुट घेत असाल तर तिथे फिजिकल सेटलमेंट आहे. एक्स्पायरीला पुट इन द मनी राहिला तर तुम्हाला शेअर द्यावे लागतात, डिमॅटला नसतील तर ऑक्शन होतं (ते शेअर तुमच्या खर्चाने बाजारातून घेतले जातात) आणि ते महागात पडतं. शेवटच्या आठवड्यात मार्जिन पण वाढत जातं. त्यामुळे प्रॉफिट असला तरी गुरुवार-मंगळवार जी काय तुमची एक्स्पायरी असेल तिच्या दोन-तीन दिवस आधीच विकून मोकळे व्हा.