पायथॉनमध्ये साइन(३०) चं उत्तर ०.५ का येत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत साइन(३०) दिलं तर उणे ०.९८८ येतं, आणि अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक; १८० अंश म्हणजे पाय, म्हणजे सुमारे ३.१४, रेडियन) करून दिले तरी ०.५ न येता ०.४९९९९९९९९९९९९९९९४ येतं, मग मॅथ लायब्ररीत, म्हणजे गणिताच्या तयार फंक्शनांच्या संचात, बग आहे का? बग नाही. पण या दोन उत्तरांची कारणं वेगवेगळी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिलं कारण तुम्हाला कळलेलंच आहे. लायब्ररीला कोन रेडियनमध्ये लागतो. ३० रेडियन म्हणजे चार पूर्ण फेऱ्या आणि वर जवळजवळ २७९ अंश. त्या कोनाचं साइन खरोखरच उणे ०.९८८ आहे. ही चूक वाईट अशासाठी की प्रोग्राम कुठेच अडत नाही. गेल्या चवथीच्या सुट्टीत माझा भाचा फोंड्याला आमच्याकडे आला होता. अक्षांश-रेखांशावरून दोन गावांमधलं सरळ अंतर काढायचा प्रोजेक्ट त्याला होता. पणजी १५.४९ आणि ७३.८३, मडगाव १५.२७ आणि ७३.९६, असे आकडे त्याने सूत्रात जसेच्या तसे घातले. उत्तर आलं सुमारे १६०० किलोमीटर! पणजीहून दिल्लीसुद्धा सरळ रेषेत त्याहून जवळ आहे. प्रत्येक आकडा आधी रेडियन्स फंक्शनमधून काढला, तेव्हा २८ किलोमीटर आलं. मडगाव आम्हाला पायाखालचं, म्हणून चूक लगेच दिसली. अनोळखी गावं असती तर तोच आकडा वहीत गेला असता.

आता ते शेवटचं ४. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. ३० अंश म्हणजे पायचा सहावा भाग, आणि पायचे अंक तर संपतच नाहीत. संगणकाकडे अशा संख्येसाठी ५३ बिटांची (० किंवा १ अशा अंकांची) जागा, म्हणजे दशांशात साधारण सोळा अंक. त्यामुळे रेडियन्स(३०) मधून जी संख्या निघते ती खऱ्या कोनापेक्षा किंचित कमी असते; फरक सतराव्या दशांश स्थळी. या किंचित लहान कोनाचं साइनही ०.५ पेक्षा किंचित कमीच असणार. ०.५ च्या अगदी खालची, संगणकाला मांडता येणारी पहिली संख्या म्हणजे तुम्हाला दिसली ती. खऱ्या उत्तराला ती ०.५ पेक्षा जवळची आहे. म्हणजे लायब्ररीने तुम्ही हातात दिलेल्या संख्येचं बरोबर उत्तर दिलं. तुमच्या मनातले ३० अंश तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

साइन(पाय) करून बघा. शून्य येत नाही, १.२२४६ भागिले १० चा सोळावा घात येतं. लोक याला कचरा समजतात. प्रत्यक्षात संगणकातला पाय खऱ्या पायपेक्षा नेमका तेवढाच कमी आहे! साइनने तुम्हाला पायचे कापलेले अंक परत आणून दिले.

आत काय चालतं तेही थोडक्यात सांगते. पायथॉन हे काम सहसा सी भाषेच्या लायब्ररीवर सोपवतो. ती आधी कोनातून पायच्या निम्म्याच्या (९० अंशांच्या) पटी वजा करून त्याला उणे ४५ ते अधिक ४५ अंशांच्या आत आणते आणि मग एका बहुपदीत घालते. ही बहुपदी कॅल्क्युलसमधल्या साइनच्या श्रेणीसारखी दिसते, पण चूक पूर्ण पट्ट्यात सारखी पसरावी म्हणून सहगुणक किंचित बदललेले असतात. खरी मेहनत वजाबाकीत आहे. कोन १० चा २२ वा घात एवढा मोठा असेल तर सोळा अंकी पाय घेऊन चालत नाही. त्यासाठी पेन आणि हानेक यांची १९८३ ची पद्धत वापरतात आणि २ भागिले पायचे हजाराहून जास्त बिट साठवून ठेवलेले असतात.

रेडियन परका वाटत असेल तर इ.स. ४९९ चं आर्यभटीय आठवा. त्यातल्या ‘ज्या’च्या (त्रिज्या गुणिले साइन) कोष्टकात त्रिज्या ३४३८ धरली आहे, आणि एका रेडियनमध्ये कला (अंशाचे साठावे भाग) भरतात ३४३७.७५. तिथे ३० अंशांची ज्या १७१९ येते, बरोबर निम्मी. आपलं ‘साइन’ याच ‘ज्या’तून, अरबी आणि लॅटिनमार्गे आलं.

तुमच्या कोडमध्ये दोनच बदल करा. फाइल वाचताच सगळे अंश एकदाच रेडियनमध्ये बदला आणि चलांच्या नावातच ‘रॅड’ लिहा. आणि उत्तर ०.५ शी ताडताना दोन बरोबर-चिन्हं वापरू नका, दोन संख्या पुरेशा जवळ आहेत का ते बघणारं मॅथमधलं इजक्लोज वापरा. मात्र शून्याशी तुलना असेल तर त्याला अ‍ॅब्स-टॉलही (चालेल असा ठरावीक फरक) द्या, उदाहरणार्थ ०.०००००००००००१, ते न दिल्यास साइन(पाय) आणि शून्य यांच्यासाठी तो ‘फॉल्स’च (म्हणजे ‘नाही’) सांगेल, कारण एरवी तो फरक संख्यांच्या आकाराच्या प्रमाणात मोजतो.