भेटीनंतर पोरं रडतात, मग मी जाणंच बंद करू का?

"माई, मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीचची. दोघं सात महिने झाले फोस्टर घरी, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाकडे तात्पुरती सांभाळायला दिलेली आहेत. नवरा मारायचा, मी झोपेच्या गोळ्यांवर होते, मुलांकडे लक्ष नव्हतं, हे मान्य आहे. नवऱ्याला सोडून तीन महिने झाले. आठवड्यातून एकदा भेट असते. मागच्या वेळी मुलगी तिथे त्यांना सांभाळणाऱ्या बाईच्या पायामागे लपली आणि मुलगा तिला मम्मा म्हणाला. भेट झाली की दोघं रात्रभर रडतात असं केसवर्कर, म्हणजे आमचं प्रकरण बघणारी बाई, सांगते. मी शेवटच्या दोन भेटींना गेलेच नाही. मी दूर राहिले तर ती सुखी राहतील का? आणि पुढच्या महिन्यात मुलाचा वाढदिवस आहे, सायकल देऊ का? — एक आई"

अगं, आधी एक सांगते, नवऱ्याला सोडलंस आणि माझं चुकलं असं सरळ लिहिलंस, ह्या दोन्ही गोष्टींना जिगर लागते. पण त्या दोन भेटी बुडवल्यास ते मला अजिबात आवडलेलं नाही. का गेली नाहीस ते कळतंय गं, पोटच्या पोरीने तोंड लपवलं की पाय कसे उचलणार. पण फाइलमधे फक्त "आई आली नाही" एवढंच लिहिलं जातं, रडत घरी बसली होती हे कोणी लिहीत नाही. आणि पोरगा तर फाइलसुद्धा वाचत नाही, तो दाराकडे बघत बसतो.

आता रडण्याचं. हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वी इंग्लंडात हॉस्पिटलमधे ठेवलेल्या लहान मुलांना आईबापांनी फारसं भेटू नये अशीच पद्धत होती, कारण काय तर आई येऊन गेली की मूल आकांत करतं आणि नाही आली की कसं गप्प, शहाण्यासारखं राहतं. 1950 च्या आसपास जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी ह्या दोघा अभ्यासकांनी अशा मुलांकडे नीट बघितलं तर वेगळंच निघालं. मूल आधी आक्रोश करतं, मग हताश होतं आणि मग अलिप्त होतं, म्हणजे ज्याला नर्सा "रुळलं" म्हणत होत्या ते रुळणं नव्हतंच, पोराने आशा सोडलेली असायची. आई दिसली की दाबलेलं सगळं बाहेर यायचं. शेवटी 1959 साली तिथल्या सरकारी समितीनेच शिफारस केली की आईबापांना मुलांना भेटू द्या. त्यामुळे केसवर्कर म्हणते ते खोटं नाही, पोरं रडत असणारच, पण रडतात म्हणून भेट वाईट हा अर्थ लगेच काढू नकोस. तिलाच विचार की किती वेळ रडतात, भेटीच्या आधी कशी असतात, भेट संध्याकाळऐवजी सकाळी ठेवली तर रात्र जरा बरी जाईल का. अडीच वर्षांच्या पोरीला आठवडा म्हणजे एक युग असतं, तिला एका लांब भेटीपेक्षा छोट्या छोट्या दोन भेटी जास्त झेपतील. हे लेखी माग, तोंडी बोललेलं हवेत जातं.

हां, एखादं मूल आईबापाला खरंच घाबरत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे भेटी थांबवाव्याही लागतात. पण ते तज्ञांनी ठरवायचं, तू घरी बसून नाही. संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा बालहक्क करार आहे ना, त्याच्या 9 व्या कलमात आईबापापासून वेगळं ठेवलेल्या मुलाचा त्यांना नियमित भेटण्याचा हक्क लिहिलाय, मुलाच्या हिताच्या आड येत नसेल तोवर. नीट वाच, हक्क मुलाचा आहे. तुझ्या दोन भेटी बुडाल्या नाहीत, त्याच्या बुडाल्या.

मम्मा म्हणाला ते लागलं ना? लागणारच. पण सहा वर्षांच्या पोराला जी बाई जेवायला वाढते, रात्री पांघरूण घालते तिला तो अजून काय म्हणेल, त्याच्याकडे शब्द आहेत किती. त्यासाठी त्याला टोकू नकोस, आणि "तुझी खरी मम्मा मी" हे तर चुकूनही नको, पोराला वाटेल एकीला हो म्हटलं की दुसरी जाणार. मुलगी पायामागे लपली कारण तिला कोणाच्या तरी पायामागे लपता येतं. मला विचारशील तर मला ह्यात चांगलंच दिसतं. कोणावरच विश्वास न टाकणारं मूल जास्त काळजीचं असतं.

त्या बाईशी वैर धरू नकोस. एका कागदावर लिहून दे, मुलगा कुठल्या कुशीवर झोपतो, बाथरूमचा दिवा बंद असला तर का ओरडतो, मुलगी पाण्याला काय म्हणते. हे जगात फक्त तुला माहितीये. वापरलेली, न धुतलेली ओढणी दे, मुलीच्या उशाशी ठेवायला. आधी केसवर्करला विचारून, नाहीतर उगाच राडा.

भेटीत शिरल्या शिरल्या मिठी मारू नकोस. खाली जमिनीवर बस, काहीतरी खेळ मांड आणि पोरीकडे न बघता खेळत रहा, येईल ती हळूहळू. फोन बॅगेत. "तिथे नीट वागवतात का" ही उलटतपासणी नको. डोळ्यात पाणी आलंच तर "तुम्ही भेटलात म्हणून आलं" एवढं सांग आणि खेळ चालू ठेव. निघताना दर वेळी तेच एक गाणं, तीच टाळी, आणि निघायचं म्हणजे निघायचं, दारातून तीन वेळा परत वळायचं नाही. मुलगा विचारेल घरी कधी नेणार. "लवकर" म्हणू नकोस, लवकर म्हणजे त्याला उद्या वाटतं. सांग, "ते मी एकटी ठरवत नाही, पण मी त्यासाठी काम करतेय आणि ह्यात तुझी काहीच चूक नाही." शेवटचं वाक्य दर भेटीत सांग, ह्या वयाची पोरं सगळं आपल्यामुळेच झालं असं धरून बसतात.

बाकी कागदाचं काम कंटाळवाणं आहे पण करावंच लागतं. एक वही कर, तारीख, कोण काय बोललं, तू कुठल्या समुपदेशनाला गेलीस, पावत्या, सर्टिफिकिटं सगळं एका जागी. मुलं परत मिळायला तुझ्याकडून नेमकं काय हवंय ते लेखी घे आणि पुढच्या सुनावणीची तारीख पाठ असू दे. वकील नसेल तर मोफत कायदेशीर मदत मिळते का ते आजच विचार, प्रत्येक देशाचे नियम आणि मुदती वेगळ्या असतात आणि मुदत गेली की रडून उपयोग नाही. नवरा परत फोन करत असेल तर लपवू नकोस, नंतर कळलं तर सगळं पाण्यात जाईल. आणि गोळ्या एकदम बंद करू नकोस हां, काही गोळ्या अशा तोडल्या तर फिट्स येऊ शकतात, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी कर.

ह्या आठवड्यात केसवर्करला फोन कर आणि न आढेवेढे घेता सांग, दोन भेटी बुडवल्या, मला झेपलं नाही, पुढच्या भेटीला येतेय. मुलालाही तेच सांग, "मी आले नाही, माझं चुकलं." बस, जास्त स्पष्टीकरण नको.

सायकल दे की, पण त्या बाईला आधी विचार ठेवायला जागा आहे का आणि भेटीच्या खोलीत आणू देतात का, नाहीतर तो दारातच रुसून बसेल. आणि घंटी आधीच बसवून नेऊ नकोस, पाना बरोबर घे आणि त्याच्यासमोर, त्याला धरायला लावून बसव.