हृदयाचं ऑपरेशन व्यवस्थित झालंय, इको नॉर्मल आहे. तरी बाळाच्या मेंदूच्या वाढीची तपासणी करावी का?

हो, करावी. इको नॉर्मल म्हणजे हृदयाचं काम नीट चाललंय. मेंदूबद्दल त्यातून काही कळत नाही.

तुम्ही लिहिलंय की बाळ ९ महिन्यांचं आहे, जन्मतः टीजीए होता म्हणजे दोन्ही मोठ्या धमन्या उलट जोडलेल्या होत्या, १२व्या दिवशी त्या जागच्या जागी जोडण्याचं, म्हणजे स्विचचं ऑपरेशन झालं आणि बाळ अजून आधाराशिवाय बसत नाही. घरचे म्हणतात, "हार्टचं बाळ आहे, सावकाश बसेल." या एका वाक्यापायी बऱ्याच मुलांची थेरपी वर्षभर लांबते.

आधी कारण सांगतो. पोटात असताना नाळेतून येणारं चांगलं रक्त एरवी मेंदूकडे वळतं. टीजीएमध्ये ते फुप्फुसाच्या धमनीत जातं आणि मेंदूला कमी ऑक्सिजनचं रक्त मिळतं. म्हणून दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या अशा बाळांचा मेंदूही एमआरआयवर साधारण महिनाभर मागे दिसतो. त्यावर बायपास, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, आणि आयसीयूचा ताण. तेव्हा यात सर्जनची चूक शोधू नका, आईची तर नाहीच.

आता बसण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत जवळपास सगळी निरोगी मुलं सव्वानऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसली. तुमचं बाळ काठावर आहे, त्यामुळे थांबू नका. बहुतेक वेळा गोम अशी असते: छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, बाळाला पालथं घालू नका आणि काखेत धरून उचलू नका असं सांगितलेलं असतं. घरी मात्र ते पथ्य सहा महिने चालतं. पालथं न पडलेल्या बाळाची मान, खांदे, पाठ कच्ची राहते. सर्जनना विचारून, बाळ जागं असताना त्याला सतरंजीवर पालथं घालायला दिवसातून चार-पाच वेळा, दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करा. वॉकर आणू नका.

घरी त्रिवेंद्रम चार्ट, म्हणजे कोणत्या वयात बाळाला काय जमायला हवं याचा तक्ता, वापरता येतो. दोन वर्षांपर्यंतच्या १७ गोष्टी त्यात आहेत. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या पूर्ण डावीकडे असलेली एखादी गोष्ट बाळाला जमत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करा. डोक्याचा घेरही दर भेटीत मोजून तक्त्यावर मांडून घ्या. टेप न ताणणारी हवी. भुवयांच्या वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून. एका आकड्यापेक्षा रेघ खाली घसरतेय का, ते महत्त्वाचं.

चार्ट म्हणजे चाळणी, निदान नव्हे. पहिल्या वर्षात ओपन हार्ट झालेल्या प्रत्येक मुलाची, वरवर सगळं ठीक दिसत असलं तरी, १ ते २ वर्षं, ३ ते ५ वर्षं आणि ११-१२ वर्षं अशी तीनदा सविस्तर चाचणी करावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच सांगितलंय. आपल्याकडे लहान वयात बेली किंवा बडोद्यात तयार झालेली डीएएसआयआय ही विकासाची चाचणी वापरतात. डीएएसआयआय ३० महिन्यांपर्यंतच चालते. सर्दी-तापात किंवा झोपेच्या वेळी नेलंत तर आकडा खोटाच कमी येतो. आणि दीड वर्षाला चाचणी चांगली आली म्हणून फाईल बंद करू नका. लक्ष न टिकणं, चित्र बघून जुळवता न येणं, गणितात अडकणं हे शाळेतच उघडं पडतं.

कानांची बेरा चाचणी राहिली असेल तर आत्ताच करा. आयसीयूतली काही अँटिबायोटिक्स आणि लघवीचं औषध यांनी ऐकू येणं कमी होऊ शकतं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते. विकासाच्या तपासणीसाठी परळच्या वाडिया किंवा केईएममध्ये चौकशी करा.

जाताना फक्त इकोचा कागद नेऊ नका. डिस्चार्ज समरी न्या, आणि बायपास किती मिनिटं होता, व्हेंटिलेटरवर किती दिवस होतं, झटके आले होते का, डोक्याची सोनोग्राफी किंवा एमआरआय झाला होता का, हे त्यात लिहिलेलं नसेल तर हॉस्पिटलकडून आधी लिहून घ्या.