अडीच वर्षं शिशुगृहात वाढलेल्या मुलीची बुद्धी कायमची मागे राहते का?

म्हणजे जन्मतःच टाकून दिलेली, अडीच वर्षं शिशुगृहात असलेली मुलगी तुम्ही दत्तक घेताय, आणि चिपळूणची सासरची माणसं म्हणतात, "तिची बुद्धी बेताचीच निघणार." मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. बालगृहातली मुलं आमच्या वर्गात असतात, म्हणून लिहिते.

धोका आहे, पण घरच्यांना वाटतो तसा नाही. सगळ्यात भक्कम पुरावा रुमानियाचा. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966 मध्ये गर्भपातावर बंदी आणली, पोसायची ऐपत नसलेल्या घरांतून पोरं सरकारी अनाथालयांत गेली. 1989 मध्ये त्याची सत्ता गेली तेव्हा ती तुडुंब भरलेली. पुढे तिथल्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, संशोधकांनी अशा 136 लहानग्यांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली: निम्मी पालक-कुटुंबांत (म्हणजे परक्या मुलाला आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत), निम्मी संस्थेतच. साडेचाराव्या वर्षी सरासरी बुद्ध्यांक संस्थेतल्यांचा 73, कुटुंबात गेलेल्यांचा 81, आणि त्याच शहरात पहिल्यापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांचा 109. वाटणी चिठ्ठीने, त्यामुळे हुशार तेवढी घरी दिली असं म्हणायची सोय नाही. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची भरपाई जास्त झाली. तुमची मुलगी त्या वयाच्या थोडी पुढे आहे. पण ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांपैकी सुरुवातीला मागे असलेली बरीच मुलं मोठेपणी बुद्ध्यांकात सावरली. लक्ष न टिकणं, माणसांशी वागताना होणारे घोळ मात्र काहींचे राहिले. शिवाय ती अनाथालयं भयंकर होती. आपल्याकडच्या बऱ्या शिशुगृहाला तेच माप लावू नका.

असं होतं कशामुळे? बाळ हुंकारलं की कुणीतरी उलट हुंकार द्यावा लागतो, दिवसभर, आणि शक्यतो त्याच माणसाने. संस्थेतल्या मावशा प्रेमळ असतात हो, पण पाळी संपली की दुसरी येते, आणि एकीच्या अंगावर किती बाळं!

माझ्या वर्गातला बालगृहातला एक मुलगा बाराचा पाढा घडाघडा म्हणायचा. त्याला म्हटलं, "कपाटातला डबा काढ, खडू ताटलीत ठेव, डबा जागेवर ठेव," की डबा हातात धरून उभा. तांदळाचा भात होतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे भात पातेल्यातूनच यायचा. घरचं पोर आईच्या पायात लुडबुडत आधी धुणं, मग पाणी, मग शिट्टी हा क्रम बघत असतं. लक्षात ठेवून एकामागून एक काम करायची सवय तिथेच लागते. म्हणून मुलीला आल्या दिवसापासून स्वयंपाकघरात घ्या. वाल सोलायला बसवा, सांडू दे.

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलं की ती कुणाच्याही कडेवर जाईल आणि सगळे म्हणतील, "किती माणसाळलेली!" फार खूश होऊ नका. ओळखीचं-अनोळखी हा भेद न कळणं ही संस्थेत वाढलेल्या मुलांत बऱ्याचदा दिसणारी गोष्ट आहे. सुरुवातीचे काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं तुम्ही दोघांनीच करा, आजी कितीही रुसली तरी.

इंग्रजी माध्यमाची घाई नको, बुद्ध्यांक चाचणीचीही नको. कान मात्र लगेच तपासून घ्या. ऐकू कमी येणारं मूल मंद ठरवलं जाताना मी पाहिलंय. बोलणं फारच मागे वाटलं, तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या विभागाची) चौकशी करा.