कॉलेजातून कंपनीत जाण्याआधी कोडिंगच्या कोणत्या सवयी लावून घ्याव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, जावा आणि पायथन येतं, लीटकोडवर (मुलाखतीच्या कोडिंग प्रश्नांची साइट) सराव चालू आहे, पुढच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. आत्तापासून कोणत्या सवयी लावाव्यात, कंपनीतलं वातावरण कसं असतं आणि कोणतं तंत्रज्ञान शिकावं?

तंत्रज्ञानाचा प्रश्न सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी उरकतो. जावा आवडत असेल तर स्प्रिंग बूट, पायथन आवडत असेल तर जँगो किंवा फास्टएपीआय. यांपैकी एकच फ्रेमवर्क धरा आणि त्याच्यामागे पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस जोडा. लिनक्सची कमांड लाइन वापरायची सवय ठेवा. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, मात्र वरवर शिकू नका. आयबीएममध्ये १९७४ च्या सुमारास ही भाषा तयार झाली आणि तेव्हापासून कितीतरी फ्रेमवर्क आले-गेले, पण जॉइन, इंडेक्स आणि 'एक्सप्लेन'चं (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार हे सांगणाऱ्या कमांडचं) आउटपुट वाचता येणं कुठल्याही कंपनीत उपयोगी पडतं.

खरं वजन सवयींना आहे, आणि त्यांत मी एकच सवय सगळ्यात वर ठेवेन: काम छोट्या तुकड्यांत करणं. छोटा कमिट (गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात नोंदलेला एक बदल), छोटा पुल रिक्वेस्ट (तो बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती), छोटा नेमका प्रश्न. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं उलट होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री चार हजार ओळींचा एक कमिट पडतो आणि त्याचा संदेश असतो 'फायनल'. तो कोड चालतोही. अडचण पुढे येते, काहीतरी बिघडतं तेव्हा.

कारण सांगतो. गिटमध्ये 'गिट बायसेक्ट' नावाची सोय आहे. महिन्यापूर्वी चालणारी गोष्ट आज चालत नसेल, तर त्याला एक चांगला कमिट आणि एक बिघडलेला कमिट सांगायचा. तो मधला कमिट काढून देतो, तुम्ही तपासून 'गुड' किंवा 'बॅड' म्हणायचं. दर वेळी शोधाची जागा निम्मी होते, त्यामुळे हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडतो. तपासणीची स्क्रिप्ट असेल तर 'गिट बायसेक्ट रन' हे सगळं स्वतःच करतं. स्क्रिप्टने ० परत दिला तर चांगला, १२५ दिला तर हा कमिट सोडून पुढे जा, आणि १ ते १२७ मधला दुसरा कुठलाही आकडा दिला तर बिघडलेला. पण सापडलेला कमिट चार हजार ओळींचा असेल, तर एवढं करून तुम्ही पुन्हा त्याच गवताच्या गंजीसमोर उभे. तीस ओळींचा असेल तर चूक बहुतेक वेळा डोळ्यांनीच दिसते, आणि तेवढाच कमिट 'रिव्हर्ट' करून, म्हणजे उलटवून, वापरकर्त्यांची गैरसोय लगेच थांबवता येते.

यासाठी रोज काय करायचं? 'गिट ॲड' सरसकट न वापरता '-पी' लावून वापरा. तो प्रत्येक बदल वेगळा दाखवून घ्यायचा की नाही ते विचारतो. मग 'गिट डिफ --स्टेज्ड' चालवून स्वतःचाच बदल परक्याचा असल्यासारखा वाचा. विसरलेली प्रिंट स्टेटमेंट, चुकून बदललेली कॉन्फिग फाइल, कॉमेंट करून ठेवलेला जुना कोड इथे पकडला जातो. संदेशाची पहिली ओळ शक्यतो ५० अक्षरांच्या आत, मग एक रिकामी ओळ, मग ७२ अक्षरांच्या ओळींत कारण. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते फक्त तुम्हाला माहीत असतं. फॉर्मॅटरने केलेले बदल आणि नावं बदलणं नेहमी वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, नाहीतर दोन ओळींचा खरा बदल सहाशे ओळींत बुडतो. आणि प्रत्येक कमिटवर बिल्ड पास झालं पाहिजे, नाहीतर बायसेक्ट मध्येच अडखळतं.

गिटमध्ये हमखास होणाऱ्या चुका तीन. सामायिक ब्रांचवर नुसता 'फोर्स पुश' (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलणं) केला की दुसऱ्याचे कमिट पुसले जाऊ शकतात. त्याऐवजी '--फोर्स-विथ-लीज' वापरा, तुम्ही शेवटचं पाहिल्यानंतर तिथे काही नवं आलं असेल तर तो नकार देतो. दुसरं, चुकीच्या 'रीसेट'ने कमिट गेले असं वाटलं तर घाबरू नका, 'गिट रीफ्लॉग' (ब्रांच कुठून कुठे हलली याची तुमच्या मशीनवरची नोंद) पाहा. कुठल्याच ब्रांचवर न उरलेल्या कमिटच्या नोंदीही मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस राहतात. मात्र जे कधी कमिटच केलं नव्हतं, ते तिथे सापडत नाही. तिसरी चूक सगळ्यात महाग: पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) कमिट होणं. फाइल नंतर 'गिटइग्नोर'मध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाकून काही होत नाही, कारण आधीच नोंदलेल्या फाइलवर त्याचा परिणाम नसतो. पुढच्या कमिटमध्ये फाइल काढली तरी इतिहासात की तशीच राहते. म्हणून आधी ती की रद्द करून नवी घ्या, आणि त्याच मिनिटाला टीमला सांगा. इतिहासाची साफसफाई त्यानंतर.

आता रिव्ह्यू, म्हणजे सहकाऱ्याने तुमचा कोड तपासणं. कंपनीतलं वातावरण सगळ्यात स्पष्ट इथेच दिसतं. गूगलने रिव्ह्यूबद्दलची आपली मार्गदर्शक तत्त्वं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. त्यात साधारण १०० ओळींचा बदल योग्य आणि १००० ओळींचा बहुधा फार मोठा मानला आहे, आणि रिव्ह्यू करणाऱ्याने जास्तीत जास्त एका कामाच्या दिवसात उत्तर द्यावं अशी अपेक्षा आहे. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात तीन गोष्टी लिहा: काय बदललं, का, आणि तपासलं कसं. 'लोकलवर चालतंय' हे तपासणं नव्हे. कुठलं इनपुट दिलं आणि काय आलं ते लिहा. शेरा कोडवर असतो, तुमच्यावर नाही, हे सुरुवातीला जड जातं. शेरा पटला तर बदल करा, पटला नाही तर कारण लिहा. गप्प बसून बदल करणं आणि गप्प बसून दुर्लक्ष करणं, दोन्हींनी रिव्ह्यूचा अर्थ जातो.

आपल्याकडच्या टीममध्ये नव्या मुलांना सगळ्यात जास्त नडतो तो संकोच. कॉलेजात सर-मॅडमसमोर 'समजलं नाही' म्हणायची सवय नसते, तीच पुढे येते. मॅनेजरने 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' विचारलं की तोंडातून 'हो' निघतं. कृपा करून हे मोडा. 'लॉगिनचा भाग शुक्रवारी देतो, रिपोर्टला डेटाबेसचा ॲक्सेस मिळाल्यावर दोन दिवस लागतील' असं उत्तर कुठल्याही चांगल्या टीममध्ये आवडतं. स्टँडअपमध्येही (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) 'काम चालू आहे' एवढंच नको. कुठे अडलंय आणि कोणाकडून काय हवंय ते सांगा.

मदत मागण्याचीही पद्धत आहे. अर्धा तास स्वतः झटा, मग विचारा. काय व्हायला हवं होतं, काय झालं, एररचा पूर्ण मजकूर (फोटो नको, मजकूर, म्हणजे तो शोधता येतो), काय करून पाहिलं आणि दोष दाखवणारा सगळ्यात छोटा कोड, एवढं द्या. जावाचा लांबलचक स्टॅक ट्रेस (एरर कुठून कसा आला त्याची यादी) असेल तर सर्वात शेवटचं 'कॉज्ड बाय' आधी वाचा, पायथनमध्ये सगळ्यात खालची ओळ. पुष्कळदा तो छोटा कोड तयार करतानाच चूक हाती लागते.

कंपनी निवडण्याची वेळ आली तर एक गोष्ट जरूर पारखा: चूक झाल्यावर लोक काय करतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने रात्री डेटाबेसची अडचण सोडवताना चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर पुसलं. बॅकअप घेण्याचे अनेक मार्ग कागदावर होते, पण पोस्टग्रेसचं ९.६ व्हर्जन असताना बॅकअपचं टूल ९.२ चं चालत होतं आणि दर वेळी फसत होतं. फसल्याचे ईमेलही मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. साधारण सहा तास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवरून डेटा परत आणावा लागला. कंपनीने दुरुस्तीचं काम सर्वांसमोर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल छापला. त्यात त्या माणसाला झोडपलेलं नाही. एका चुकीच्या कमांडने एवढं नुकसान होऊच कसं शकलं, बॅकअपकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाची होती, हे विचारलं आहे. मुलाखतीच्या शेवटी 'काही विचारायचंय?' म्हणतात, तेव्हा विचारा: मागच्या मोठ्या बिघाडानंतर तुम्ही काय लिहून ठेवलंत? बॅकअप परत आणून शेवटचं कधी पाहिलं? या दोन उत्तरांतून मोफत जेवणापेक्षा आणि बीन बॅगपेक्षा खूप जास्त कळतं.

लीटकोड मुलाखतीसाठी करा, हरकत नाही. पण तिथे इनपुट नेहमी नियमात बसवून दिलेलं येतं आणि खऱ्या कामात ते तसं कधीच येत नाही. या तीन गोष्टी आत्ताच हाताने करून पाहा.

पैसे. पायथनमध्ये ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं, कारण बरेचसे दशांश अपूर्णांक बायनरीत नेमके बसत नाहीत. रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा किंवा डेसिमल प्रकार वापरा. जावात बिगडेसिमलला आकडा स्ट्रिंग म्हणून द्या, डबल दिला तर चूक सोबत येते. पायथन ३ मध्ये 'राउंड' २.५ चं ३ नाही, २ करतं, हेही लक्षात असू द्या. जीएसटीचं उदाहरण घ्या: १०.५० रुपयांवर १८ टक्के म्हणजे १.८९. तोच कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा ९-९ टक्क्यांत मोडला तर प्रत्येकी ०.९४५, तो नेहमीच्या पद्धतीने ०.९५ झाला की बेरीज १.९०. एका पैशाचा फरक, आणि हजारो बिलांवर तो हिशोब जुळू देत नाही. कुठल्या टप्प्यावर राउंड करायचं हे कोड लिहिण्याआधी अकाउंट्सवाल्यांना विचारा.

वेळ. सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत यूटीसीची तारीख कालची असते, म्हणून 'आजची विक्री' चुकते. रात्री बाराला लावलेला क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) इथे पहाटे साडेपाचला चालतो. घडून गेलेल्या घटना यूटीसीत साठवा, दाखवताना 'एशिया/कोलकाता' लावा. पुढच्या भेटींसाठी मात्र स्थानिक वेळ आणि टाइम झोनचं नाव दोन्ही ठेवा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे तिथल्या क्लायंटबरोबरची मीटिंग मार्च आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या घड्याळात एक तास सरकते.

आणि मराठी मजकूर. याची तपासणी आपण नाही केली तर दुसरं कोण करणार? 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला ऱ एकाच कोडपॉइंटने (युनिकोडमधल्या एका चिन्हाच्या क्रमांकाने) लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) अशा दोन कोडपॉइंटनी. स्क्रीनवर दोन्ही सारखे, पण तुलना केली तर वेगळे. एकात ६ कोडपॉइंट, दुसऱ्यात ७. यूटीएफ-८ मध्ये १८ आणि २१ बाइट. मग शोधात निम्मे ग्राहक सापडत नाहीत. मजकूर साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करा, पायथनच्या 'युनिकोडडेटा'मध्ये ते आहेच. काही कीबोर्ड र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असं लिहितात. ते एनएफसीनेही एक होत नाही, त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. शब्द तीन कोडपॉइंटवर कापला तर 'कऱ्' असा लटकता हलन्त उरतो, बाइटवर कापला तर चौकोन. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' घ्या, जुन्या 'यूटीएफ८'मध्ये देवनागरी मावते पण इमोजी मावत नाहीत. एसएमएस पाठवत असाल तर देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरं, इंग्रजीत १६०. खर्च त्याप्रमाणे वाढतो.

एआयबद्दल थोडक्यात. वापरा, पण एका वेळी एक फंक्शन मागा आणि प्रत्येक ओळ का आहे हे सांगता येईल तेवढंच कमिट करा. त्याने सुचवलेलं पॅकेज खरंच अस्तित्वात आहे का, ते पायपीआय किंवा एनपीएमवर (पायथन आणि जावास्क्रिप्टच्या पॅकेजच्या साइटवर) पाहून मगच इन्स्टॉल करा. नसलेली नावं तो आत्मविश्वासाने देतो, आणि अशा नावांनी कोणी घातक पॅकेज टाकून ठेवू शकतं. कंपनीचा कोड बाहेरच्या चॅटमध्ये टाकण्याआधी लेखी परवानगी घ्या.

इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात प्रोजेक्ट रीडमी (प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) वाचून शून्यापासून उभा करा आणि जिथे अडाल ती पायरी लिहून ठेवा. सुटलेलं व्हर्जन, न सांगितलेला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, जुना पोर्ट, असं काहीतरी नक्की सापडेल. ते रीडमीमध्ये दुरुस्त करून पाठवा, पहिला पुल रिक्वेस्ट म्हणून पाच-दहा ओळी पुरेत.