ऑप्रेस म्हणजे नक्की काय आणि सप्रेसपेक्षा ते वेगळं कसं?

इंग्रजीतलं ऑप्रेस (oppress) म्हणजे ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने दुबळ्या लोकांवर जुलूम करणं, त्यांना दडपून ठेवणं. एखाद्याने एकदाच दमदाटी केली तर त्याला ऑप्रेस म्हणत नाहीत हां, त्यात बराच काळ चाललेला अन्याय असतो, जसं की द किंग ऑप्रेस्ड हिज पीपल, म्हणजे राजाने प्रजेला छळलं, डोकं वर काढू दिलं नाही. मूळ लॅटिनमधलं, दाबणे या अर्थाचं, आपल्या ओळखीचा प्रेस पण त्यातलाच.

गोंधळ होतो तो सप्रेसमुळे (suppress, म्हणजे दडपणे, दाबून टाकणे). ऑप्रेस माणसांना करतात आणि सप्रेस सहसा गोष्टींना, म्हणजे बंड, बातमी, पुरावा, राग, अगदी खोकला सुद्धा, त्यामुळे ‘सरकारने बातमी दडपली’ याचं इंग्रजी करताना ऑप्रेस्ड लिहिलं की चुकलंच, तिथे द गव्हर्नमेंट सप्रेस्ड द न्यूज असंच पाहिजे.

पॅसिव्हमध्ये (कर्मणी प्रयोगात) ऑप्रेस खूप येतो, दे वर ऑप्रेस्ड फॉर सेंच्युरीज. नुसतं द ऑप्रेस्ड म्हटलं तर पीडित, शोषित लोक. आणि ऑप्रेसिव्ह हीट म्हणजे जीव नकोसा करणारा उकाडा, तिथे जुलूम वगैरे काही नाही. बॉसने एक दिवस जास्त थांबवलं म्हणून मात्र प्लीज ऑप्रेस वापरू नका, फार जड शब्द आहे तो.