'पीसीशिवाय एका क्लिकमध्ये रूट' करणारं ॲप वापरू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोन जुना नाही, चांगला चालतो, पण कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स आणि जाहिराती डोक्यात जातात. कुठल्याशा व्हिडिओत एक क्लिक करून रूट करणारं ॲप दाखवलं. ते टाकावं का, डेटा उडेल का, आणि बँकेचं ॲप नंतर चालेल का?

ते ॲप टाकू नका. आज चालणाऱ्या खऱ्या पद्धतीने रूट केलं, तर बाकीची दोन उत्तरं अनुक्रमे 'हो, सगळा' आणि 'बहुधा नाही' अशी आहेत.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. त्यात प्रत्येक ॲपला स्वतंत्र यूझर आयडी मिळतो, त्यामुळे एक ॲप दुसऱ्याच्या फायलींना हात लावू शकत नाही. रूट म्हणजे शून्य क्रमांकाचा यूझर, ज्याला कुणी अडवत नाही. एका क्लिकवाली ॲप्स कर्नलमधली, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातली, एखादी चूक वापरून या शून्यापर्यंत चढायची. २०१४ मधलं टॉवेलरूट हे त्यातलं गाजलेलं नाव. २०१६ मध्ये उघड झालेली 'डर्टी काऊ' ही चूकही अशीच वापरली गेली. पण अँड्रॉइड ५ पासून एसईलिनक्स (कोणाला काय करता येईल याचे कडक नियम) पूर्ण सक्तीने लागू झालं, २०१५ पासून दर महिन्याला सुरक्षा पॅच येऊ लागले, आणि आता फोन सुरू होतानाच सिस्टिमची सही तपासली जाते. तिथे काही बदललेलं सापडलं तर फोन पुढे जातच नाही. अशा फोनवर तसलं ॲप फार तर जाहिराती दाखवेल आणि नको त्या परवानग्या मागेल. आणि समजा तुमच्या फोनवर ते खरंच चाललं, तर त्याचा अर्थ काय होतो बघा: दुसरं कुठलंही ॲप न विचारता तेच करू शकतं!

आज रूट करणं म्हणजे मुळात बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम उघडणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक करणं. खरा निर्णय इथेच घ्यायचा असतो. त्यापुढचं काम अर्ध्या तासाचं आहे. सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल'वर जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात 'ओईएम अनलॉकिंग' (बूटलोडर उघडायची परवानगी) दिसतं का ते बघा. नसेल, किंवा राखाडी होऊन दाबलं जात नसेल, तर बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. कंपनीनुसार फार फरक पडतो. थेट गूगलकडून घेतलेला पिक्सेल सहज अनलॉक होतो. शाओमी खातं जोडून आधी वाट बघायला लावते. हुआवेने अनलॉक कोड देणं २०१८ मध्येच थांबवलं. सॅमसंगमध्ये बाहेरची इमेज (सिस्टिमची फाइल) चढली की नॉक्सचा, म्हणजे त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा, फ्यूज कायमचा उडतो. मग मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डर (खाजगी फायलींचा कुलूपबंद कप्पा) परत येत नाही.

अनलॉक करताना फोन स्वतःहून पूर्ण पुसला जातो, फोटोंसकट. हे मुद्दाम केलेलं आहे: नाहीतर चोराने फोन उचलला, बूटलोडर उघडला आणि तुमचा डेटा वाचला, इतकं ते सोपं झालं असतं. म्हणून आधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. चॅटचा बॅकअप आणि दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड लोक हमखास विसरतात.

प्रत्यक्षात असं होतं. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून कमांड घेणारा बूटलोडरचा मोड) न्यायचा आणि अनलॉकची कमांड द्यायची. फोनवर इशाऱ्याचा स्क्रीन येतो. तिथे टच चालत नाही, व्हॉल्यूमच्या बटणाने 'अनलॉक'वर जायचं आणि पॉवरने होकार द्यायचा. त्यानंतर दर वेळी फोन सुरू होताना काही सेकंद 'बूटलोडर उघडा आहे' अशी सूचना दिसते. ती राहणारच, तिची सवय करून घ्या.

पुढचं काम मॅजिस्कचं, म्हणजे रूट देणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या ॲपचं. ते त्याच्या अधिकृत गिटहब पानावरूनच घ्या, कारण त्या नावाच्या नकली साइट्स भरपूर आहेत. आता फोनमध्ये जी बिल्ड (सिस्टिमची नेमकी आवृत्ती) आहे त्याच बिल्डचं फर्मवेअर, म्हणजे कंपनीचं पूर्ण सॉफ्टवेअर, उतरवा आणि त्यातली बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) काढा. अँड्रॉइड १३ किंवा नंतरच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनमध्ये बहुतेक वेळा 'इनिट बूट' नावाची वेगळी फाइल लागते. अपडेट होऊन १३ वर पोचलेल्या जुन्या फोनला जुनी बूट इमेजच चालते. हा फरक न बघता फाइल चढवणं हे बूटलूपचं (फोन पुन्हा पुन्हा सुरू होत राहण्याचं) नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे मॉडेल तेच पण बिल्ड वेगळी.

ती फाइल फोनमध्ये टाकून मॅजिस्ककडून पॅच करून घ्यायची, कॉम्प्युटरवर परत आणायची आणि फास्टबूटने चढवायची. फ्लॅश व्हायला काही सेकंद लागतात. मूळ, हात न लावलेली इमेज कॉम्प्युटरवर जपून ठेवा: फोन लोगोवर अडकून बसला तर तीच परत चढवली की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. सॅमसंगचा रस्ता वेगळा आहे, तिथे फास्टबूटऐवजी ओडिन हा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम आणि फोनचा डाउनलोड मोड.

सगळं नीट झालं की एखादं ॲप रूट मागताच मॅजिस्कची खिडकी उघडते आणि नकाराच्या बटणावर सेकंद उलटे मोजले जातात. तुम्ही काहीच केलं नाही तर नकार. ही मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट, कारण रूट केलेल्या फोनची सुरक्षा शेवटी या खिडकीत तुम्ही काय दाबता यावर उरते.

आता बँकेचं ॲप. फोनमध्ये फेरफार नाही ना हे ॲप्स गूगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीतून बघतात, आणि त्यात अलीकडच्या फोनचं हार्डवेअरच सही करून सांगतं की बूटलोडर उघडा आहे. वरवर रूट लपवता येतं, पण ही सही खोटी करणं फार कठीण. मॅजिस्क लिहिणारा जॉन वू २०२१ मध्ये गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा टीममध्ये गेला आणि रूट लपवण्याची सोय त्याने मॅजिस्कमधून काढली. नंतर इतरांनी त्यासाठी मॉड्यूल (मॅजिस्कला जोडायचे छोटे भाग) बनवली, ती आज चालतात, उद्या बंद पडतात. पैशांचे व्यवहार याच एका फोनवर असतील तर मी रूट करणार नाही. घरात दुसरा फोन पडलेला असेल तर त्यावर खुशाल करा.

अपडेटचंही दुखणं आहे. रूट केल्यावर सिस्टिम अपडेट डोळे मिटून घेता येत नाही. मूळ इमेज परत ठेवायची, अपडेट उतरवायचा आणि रीस्टार्टच्या आधी मॅजिस्क दुसऱ्या स्लॉटवर (सिस्टिमची दुसरी प्रत, जिथे अपडेट बसतो) बसवायचा. आणि बदललेली इमेज आत असताना बूटलोडर कधीही परत लॉक करू नका. त्यातून उठलेले फोन थोडे असतात.

तुमची मूळ तक्रार मात्र रूटशिवाय सुटते. कॉम्प्युटरवरून एडीबी (फोनला कमांड देणारं साधन) वापरून नको ते ॲप तुमच्या यूझरपुरतं काढता येतं: पीएम अनइन्स्टॉल, यूझर शून्य (हा फोनचा मुख्य यूझर, रूट नव्हे), आणि पॅकेजचं, म्हणजे ॲपचं सिस्टिममधलं, नाव. सिस्टिमच्या भागात ते राहतं, म्हणून जागा फारशी सुटत नाही आणि फॅक्टरी रीसेट केलं की परत येतं, पण तोवर ते ना दिसतं ना चालतं. पॅकेजचं नाव शोधून मगच काढा. लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप) किंवा कीबोर्ड उडवून बसणारे कमी नाहीत. जाहिरातींसाठी अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची सेटिंग) आहे, तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की बऱ्याचशा थांबतात. व्हिडिओ ॲपच्या आतल्या जाहिराती त्याने जात नाहीत, एवढं सांगून ठेवतो.

हे करून आठवडाभर बघा. तरीही रूटच हवं असेल तर पूर्ण मॉडेल नंबर आणि बिल्ड नंबर इथे लिहा, कोणती इमेज लागेल ते बघून सांगतो.